तैनाती फौज : पेशवाई व बोरघाटाचा मुलूख

तैनाती फौज म्हणजे एखाद्या राज्याच्या संरक्षणासाठी, त्याच राज्याच्या खर्चाने, परंतु दुसऱ्या प्रबळ सत्तेच्या हुकमतीखाली कायम ठेवलेले सैन्य. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत भारतातील अनेक दरबारांच्या गळी उतरविली. निजामाने १७९८ मध्ये ती स्वीकारली आणि त्याच्या पदरी असलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी त्याच वर्षी मोडल्या गेल्या. टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये म्हैसूरवर, तर १८०१ मध्ये निम्मे राज्य तोडून घेऊन अयोध्येच्या नबाबावर ती अधिक कडक अटींनी लादली गेली. पेशव्यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने ती पत्करली. मराठ्यांच्या राजकीय इतिहासात या तहाची चर्चा बहुधा पुणे दरबाराच्या अंगाने होते. परंतु दोन असमान सत्तांची सैन्ये एकत्र बांधली गेली म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, हे पाहण्यास रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके अधिक सोयीचे आहेत. मुंबई व पुणे यांमधील वाट या प्रदेशातून जाते आणि तहापूर्वी हीच वाट कंपनीच्या सैन्याला दोनदा महाग पडली होती.

या मुलखाची रचना लक्षात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा उलगडा होत नाही. पूर्वेस सह्याद्रीची सलग भिंत उभी आहे. तिच्या पायथ्याशी उत्तरेकडे वाहणारी उल्हास नदी कर्जतवरून कल्याणकडे जाते, तर पाताळगंगा खोपोली-खालापूरवरून पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे वळते. बोरघाट, कुसूरघाट आणि भीमाशंकराकडून उतरणाऱ्या वाटा घाटमाथा व कोकण यांना जोडतात. यांपैकी बोरघाट मुख्य होय. मुंबईहून येणारा माल व माणसे होडीने पनवेलच्या बंदरात उतरत, तेथून चौक व खालापूर या मार्गाने खोपोली गाठत आणि मग घाट चढून खंडाळ्यास पोहोचत. घाटमाथ्यावरील राजमाची, कर्जतच्या ईशान्येकडील पेठचा किल्ला म्हणजे कोतळीगड, खालापूरजवळचा इर्शाळगड हे किल्ले या वाटांवर नजर ठेवून होते. खोपोली येथे नाना फडणीसाने बांधलेला मोठा तलाव व महादेवाचे देऊळ आहे. घाट चढण्यापूर्वी लमाणांचे तांडे, ओझ्याचे बैल आणि प्रवासी यांना पाणी मिळावे, हा त्या तलावाचा उघड उपयोग होता. त्या काळी ही वाट पुणे दरबाराची होती आणि तिच्यावरील पाण्याची सोयही दरबारचा कारभारीच पाहत असे.

कंपनीच्या फौजेने ही वाट प्रथम धरली ती एका पेशव्याच्याच बोलावण्यावरून. रघुनाथरावाने ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकरांशी सुरत येथे तह केला. त्यात अडीच हजार सैन्याची मदत, तिच्या खर्चासाठी दरमहा रक्कम आणि मोबदल्यात साष्टी व वसई यांसारखे मोलाचे प्रदेश, अशी देवघेव ठरली होती. सैन्य परक्याचे, खर्च आपला आणि तारण म्हणून मुलूख हा तैनाती पद्धतीचा सांगाडा या तहात आधीच दिसतो. वसईच्या तहावर सही करणारा दुसरा बाजीराव हा याच रघुनाथरावाचा मुलगा. त्याचा जन्मही १७७५ सालचाच.

रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघालेली सुमारे ३,९०० लोकांची मुंबईची फौज डिसेंबर १७७८ मध्ये पनवेलहून खोपोलीच्या वाटेने बोरघाट चढली. तिच्याबरोबर तोफा व सामान ओढण्यासाठी सुमारे १९ हजार बैल होते. एवढ्या लवाजम्याला त्या वाटेवर वेगाने हालचाल करणे अशक्यच होते. माथ्यावर आल्यानंतर आठ मैलांच्या मजलीस तिला अकरा दिवस लागले. मराठ्यांनी समोरासमोर झुंज न देता वाटेवरचा चारा व धान्य नाहीसे केले आणि पिछाडीस सतत त्रास दिला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे कॅप्टन स्ट्यूअर्ट ठार झाला. मराठ्यांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून राहिलेला तो हाच. तळेगावच्या तळ्यात जड तोफा टाकून देऊन फौज मागे फिरली, पण घाटापर्यंत पोहोचू शकली नाही. १६ जानेवारी रोजी वडगाव येथे तिला मानहानिकारक करार करावा लागला.

दुसरा प्रसंग खुद्द खालापूर तालुक्यात घडला. वसई जिंकल्यानंतर जनरल गॉडर्डने फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाट हस्तगत केला. त्याने एक तुकडी खंडाळ्यास ठेवली आणि स्वतः खोपोलीस तळ दिला. पुणे दरबार घाबरून तह करील, अशी त्याची अटकळ होती. नाना फडणीसाने बोलणी लांबविली आणि दरम्यान परशुरामभाऊ पटवर्धनाचे स्वार भीमाशंकराकडील वाटेने कोकणात उतरले. माथ्यावर हरिपंत फडके व तुकोजी होळकर यांच्या फौजा जमल्या. पनवेलहून खोपोलीस येणारी गॉडर्डची रसद चौकच्या आसपास वारंवार लुटली जाऊ लागली. एप्रिलच्या उत्तरार्धात त्याने घाट सोडला आणि पनवेलपर्यंतची माघार मराठ्यांच्या माऱ्यातच घेतली. तीत त्याचे ४६६ लोक ठार व जखमी झाले. अंतर मोठे नव्हते. चौक ते पनवेल आज कोणी मोजणारही नाही. परंतु दोन्ही बाजूंनी रान, मागे घाट आणि पुढे खाडी अशा पट्ट्यात रसद तुटलेली कवाइती फौजही हतबल होते, हे तेथे सिद्ध झाले. सालबाईच्या तहात (१७ मे १७८२) साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मात्र परत करावी लागली. या निकालास पानिपताची किंवा खर्ड्याची प्रसिद्धी लाभली नाही. वास्तविक मुंबईकरांना पुण्यापासून वीस वर्षे दूर ठेवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या घाटाकडे जाते.

मग वीस वर्षांतच पुणे दरबाराने त्याच फौजेला स्वखुशीने घाट का चढू दिला? उत्तर पेशव्यांच्या लष्करी रचनेत सापडते. पेशव्याची स्वतःची हुजुरात मर्यादित होती. मराठ्यांचे बळ सरदारांच्या सरंजामी फौजांत होते आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांतील सर्वांत सुसज्ज कवाइती पलटणी शिंद्यांच्या ताब्यात होत्या. ज्याप्रमाणे साताऱ्याचे छत्रपती पेशव्यांच्या फौजेवर अवलंबून राहिले, त्याचप्रमाणे पेशवा आता आपल्याच सरदारांच्या फौजेवर अवलंबून होता. नाना फडणीस १३ मार्च १८०० रोजी वारला. त्याच्या हयातीत कंपनीने पुढे केलेले तैनाती फौजेचे प्रस्ताव दरबाराने टाळले होते. पुढे यशवंतराव होळकराने २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग, रेवदंडा असा पळत वसईस इंग्रजांच्या आश्रयास गेला. ज्याच्या हाती स्वतःचे सैन्य उरले नव्हते, त्याने दुसऱ्याचे मागितले. त्याच्या भित्रेपणावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे, परंतु त्याच्या जागी अधिक धैर्याचा पुरुष असता तरी त्याच्यापुढे हाच पेच राहिला असता.

वसईच्या तहाची कलमे बारकाईने वाचण्याजोगी आहेत. किमान सहा हजार कवाइती पायदळ व त्यास साजेसा तोफखाना पेशव्याच्या राज्यात कायम राहावयाचा होता आणि त्याच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीस तोडून द्यावयाचा होता. रोख रकमेऐवजी मुलूख घेण्याचा हा आग्रह महत्त्वाचा आहे. रोख खंडणी थांबविता येते, पण दिलेला प्रांत परत मिळत नाही. ही फौज बंडखोरांचे पारिपत्य करील, परंतु किरकोळ कामांसाठी किंवा सिबंदीप्रमाणे वसुलीच्या कामी वापरता येणार नाही, असे ठरले. युद्ध झाल्यास पेशव्याने स्वतःची सहा हजार पायदळ व दहा हजार स्वारांची फौज तिच्या मदतीस द्यावयाची होती. डिसेंबर १८०३ च्या पुरवणी कलमांनी हे आकडे तीन हजार व पाच हजार असे खाली आणले. इंग्रजांशी युद्ध करणाऱ्या युरोपीय राष्ट्रांच्या लोकांना पदरी ठेवावयाचे नव्हते. इतर सत्तांशी कंपनीच्या सल्ल्यावाचून बोलणे करावयाचे नव्हते आणि निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मानावयाचा होता. तहाची भाषा परस्पर मैत्रीची आहे. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू, असे त्यात म्हटले आहे. तथापि शत्रू कोण हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे परराष्ट्रव्यवहार त्याच्याकडेच जातो, हे उघड आहे. यूरोपातही याच सुमारास नेपोलियनने ऱ्हाईन राज्यसंघातील (१८०६) जर्मन राजांकडून ठराविक सैन्य देण्याचे करार करून घेतले आणि ते सैन्य स्वतःच्या मोहिमांत वापरले. तेथे लहान राज्याचे सैन्य बाहेर जात होते. पुण्यात त्याबरोबरच मोठ्या सत्तेचे सैन्य आत येत होते.

हे सैन्य आत आले ते बोरघाटानेही. मेजर जनरल आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून येऊन २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात दाखल झाला होता. वसईहून बाजीराव २७ एप्रिल रोजी निघाला. त्याच्याबरोबर रेसिडेंट कर्नल क्लोज आणि कर्नल मरेच्या हाताखालील सुमारे २,२०० लोकांची तुकडी होती. बोरघाट चढून तो १३ मे रोजी पुण्यात पोहोचला. मध्ये कोणी अडविले नाही. चोवीस वर्षांपूर्वी त्याच्या बापाला गादीवर बसविण्यास निघालेली फौज ज्या वाटेवर कोंडली गेली, त्याच वाटेने मुलगा गादीवर परत आला.

यानंतर घाटाचे स्वरूपच पालटले. पुण्याकडील फौजेला लागणारा दारूगोळा, तोफा, औषधे आणि सामान मुंबईहून पनवेलमार्गे येऊ लागले. १८०३–०४ च्या सुमारास वेलस्लीच्या पुढाकाराने बोरघाटात तोफा नेता येतील असा रस्ता करण्यात आला. पूर्वी शत्रूच्या फौजेला चढणे कठीण व्हावे हाच घाटाचा उपयोग होता. आता मित्राच्या फौजेला ते सोपे व्हावे म्हणून तोच घाट मोकळा करण्यात आला. राजमाची वा कोतळीगडावरील किल्लेदार व शिबंदी पेशव्याचीच राहिली. मात्र त्यांनी ज्या वाटेवर पहारा करावयाचा, तिच्यावरून जाणारी सर्वांत मोठी फौज तहाने मित्र ठरलेली होती. किल्ला पडला नाही, शिबंदी उठली नाही, तरी त्या दोहोंना काम उरले नाही. सैनिकी एकत्रीकरणाचा हा परिणाम तहाच्या कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. ज्या वर्षी हे घडत होते, त्याच वर्षी होळकरी धामधुमीमागून आलेल्या दुष्काळाने देशावरील माणसे याच वाटांनी कोकणात व मुंबईकडे उतरत होती, हेही नमूद केले पाहिजे.

दोन्ही सैन्ये रणांगणावर एकत्र लढली ती १८०३ च्या युद्धात. शिंदे व भोसले यांच्याविरुद्ध वेलस्लीच्या फौजेबरोबर पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले व निपाणीकर आप्पा देसाई यांचे स्वार होते. असईच्या (२३ सप्टेंबर १८०३) व अडगावच्या (२९ नोव्हेंबर १८०३) लढायांनी शिंदे-भोसल्यांचे बळ मोडले. म्हणजे पेशव्याने आपल्याच सरदारांचा पराभव आपल्या खर्चाने करविला. ज्यांच्या भीतीने तो इंग्रजांकडे गेला होता, ते दुबळे झाले. त्याबरोबर इंग्रजांविरुद्ध ज्यांच्याकडे वळता आले असते, तेही दुबळे झाले.

मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ मध्ये पुण्यास रेसिडेंट म्हणून आला. त्याच्या सूचनेवरून पेशव्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कवाइती ब्रिगेड उभारले. त्याचा मुख्य कॅप्टन जॉन फोर्ड असून छावणी दापोडीस होती. तैनाती फौज कंपनीची होती, सरंजामी स्वार पेशव्याचे होते. हे ब्रिगेड मात्र दोहोंच्या मधले होते. पगार पेशव्याचा, नाव पेशव्याचे, कवाईत व हुकूम इंग्रजांचा. अशा पलटणीची निष्ठा कोणाकडे राहणार, हा प्रश्न शांततेच्या काळात कोणास फारसा भेडसावला नसावा.

गंगाधरशास्त्री पटवर्धनाचा पंढरपूर येथे झालेला खून (जुलै १८१५), त्रिंबकजी डेंगळ्याची ठाण्याच्या कैदेतून सुटका (सप्टेंबर १८१६) आणि त्यानंतरच्या संशयाच्या वातावरणात मे १८१७ मध्ये तैनाती फौजेनेच पुण्यास वेढा दिला. पेशव्याच्या रक्षणासाठी ठेवलेले सैन्य त्याच्या राजधानीभोवती उभे राहिले. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्याने पुरवावयाच्या पाच हजार स्वार व तीन हजार पायदळाची जबाबदारीही कंपनीने स्वतःकडे घेतली आणि त्यांच्या खर्चासाठी ३४ लक्षांचा मुलूख मागितला. त्यात अहमदनगरचा किल्ला आणि कल्याणसह उत्तर कोकण गेले. बोरघाटाचा पायथा अशा रीतीने उत्तरेकडून उघडा पडला. या तहानुसार उभारलेले ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ पुढे ‘पूना हॉर्स’ या नावाने भारतीय सैन्यात टिकून राहिले.

ऑक्टोबर १८१७ अखेर युद्ध अटळ दिसू लागले, तेव्हा एल्फिन्स्टनने मुंबईहून मदत मागविली. मुंबईची युरोपीय पलटण ३० ऑक्टोबर रोजी पुण्यात पोहोचली, तीही बोरघाट चढून. १७८१ मध्ये ज्या घाटाखाली गॉडर्ड अडकला, तो घाट या वेळी कोणी राखला नाही. पुणे दरबाराने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलण्याचा निर्णय घेतला खरा, पण घाट आधीच हातचा गेला होता.

५ नोव्हेंबर रोजी खडकीची लढाई झाली. सुमारे २,८०० लोकांच्या इंग्रज फौजेसमोर बापू गोखल्याच्या हाताखाली सुमारे १८ हजार स्वार व ८ हजार पायदळ होते. पेशव्याचे मंत्री मोर दीक्षित आणि कॅप्टन फोर्ड यांचा जुना स्नेह होता. फोर्डने लढाईपासून अलिप्त राहावे, असा प्रयत्न दीक्षितांनी आधी करून पाहिला. फोर्डने आपण आपल्या देशबांधवांच्याच बाजूने लढणार, असे सांगितले. तेव्हा जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाची काळजी घ्यावी, असे दोघांत ठरले. ग्रँट डफने हा प्रसंग नोंदविला आहे. लढाईच्या दिवशी फोर्डची पलटण दापोडीहून निघून इंग्रज फौजेस मिळाली आणि तिला वाटेत अडविण्यास गेलेले मोर दीक्षित तिच्याच तोफेने मारले गेले. ती पलटण पेशव्याच्या खजिन्यातून पोसलेली होती. वेलस्लीच्या मोहिमेत लढलेला बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टी येथे जनरल स्मिथच्या, म्हणजे मूळच्या तैनाती फौजेच्याच सेनापतीच्या सैन्याशी लढताना पडला.

कर्जत भागात या युद्धाचा एक लहानसा पडसाद उमटला. नोव्हेंबर १८१७ च्या आरंभी बापूराव लांबिया याने पेशव्याच्या बाजूने कोतळीगड ताब्यात घेतला. ३० डिसेंबर रोजी कॅप्टन ब्रुक्सने तो काहीही नुकसान न होता परत घेतला. कर्नल प्रोथरने जानेवारी १८१८ पासून कोकणातील कर्नाळा, पाली इत्यादी किल्ले जिंकले, मार्चमध्ये वर चढून लोहगड-विसापूर घेतले, राजमाचीही प्रतिकारावाचून पडली आणि १० मे रोजी रायगडाने शरणागती दिली. सह्याद्रीचे हे किल्ले मोहिमेपुढे आठवड्यांच्या हिशेबाने पडत गेले. त्यास तोफखान्याची सुधारणा, दारूगोळ्याचा तुटवडा आणि धन्याचेच पलायन अशी कारणे दिली जातात. ती खरी आहेत. पण पंधरा वर्षे वाटेवरील पहाऱ्याला अर्थच उरला नव्हता, हे कारण त्यांत मिळविले पाहिजे.

तैनाती पद्धतीचे दोष कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही दिसत होते. टॉमस मन्रोने १८१७ मध्येच गव्हर्नर-जनरलला लिहिले की, परक्या फौजेच्या आधारावर राजा निर्धास्त होतो, प्रजेच्या नाराजीचे त्यास भय उरत नाही आणि देश उजाड होत जातो. मन्रोचे हे मत पेशवाईला पुरतेपणी लागू पडते असे नाही. बाजीरावाच्या कारकीर्दीत मक्त्याने वसुली देण्याची पद्धत वाढली, ही गोष्ट त्याला पुष्टी देते. परंतु बाजीराव कधीच निर्धास्त नव्हता. त्याचा दोष असलाच तर तो उलट प्रकारचा होता. ज्या फौजेने त्यास गादी दिली, तिच्यापासून सुटण्याचा मार्ग तो पंधरा वर्षे शोधत राहिला आणि दर वेळी अधिक घट्ट बांधला गेला.

बाजीराव ३ जून १८१८ रोजी सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लक्ष रुपयांच्या तनख्यावर त्यास बिठूरास पाठविण्यात आले. माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातील नवा गाडीरस्ता त्याच्याच हस्ते खुला झाला. बाजीराव त्या वेळी बिठूरास हयात होता. घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाल्यावर पनवेल-खोपोलीच्या जुन्या वाटेवरील बरीचशी वाहतूक कर्जतमार्गे वळली. खालापूर हा त्या काळी कर्जत तालुक्याचाच पेटा होता. हा सर्व मुलूख प्रथम ठाणे जिल्ह्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला आणि त्या जिल्ह्याला १९८१ पासून रायगड हे नाव मिळाले.